दिन्यास

प्रिय दिन्या,

सहा महिने ना पत्र, ना फोन. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच. तब्येत ठीक, स्टेंट जागच्या जागी.

परवा रिपोर्ट आला. युरिक ॲसिड ८.४, लॅबवाल्यानं ठळक छापलेलं. मला लगेच आपल्या गेलेल्या बापूचा रिपोर्ट आठवला, उशीखालून काढून आपण वाचला तो. आकडाही जवळपास तोच. त्या रात्री झोप नाही. दोन वाजता उठून पायाचा अंगठा दाबून बघतोय!

डॉक्टरांनी विचारलं, "सांधा सुजतो? मुतखडा?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग गोळी नाही." मी भांडलो, तुला माहीतच आहे मी. ते म्हणाले, हृदयाच्या पेशंटमध्ये हा आकडा चढलेला दिसतो खरा. पण किडनी, वजन, बीपी बिघडलं तरीही तो चढतोच. ब्रिटनमध्ये साठीपुढच्या, हृदयविकार असलेल्या पण गाऊट (युरिक ॲसिडनं सांधे सुजतात तो आजार) नसलेल्या ५,७०० वर लोकांवर तपासून पाहिलंय. निम्म्यांना नेहमीच्या औषधांबरोबर ॲलोप्युरिनॉल, म्हणजे युरिक ॲसिड उतरवायची गोळी दिली, निम्म्यांना नाही. २०२२ साली निकाल लागला. ॲटॅक, स्ट्रोक, मृत्यू, कशातच फरक नाही. माझ्या बीपीच्या गोळीतलं क्लोरथॅलिडोन मात्र आकडा चढवतं, म्हणून ती बदलून लोसार्टान दिली.

इकडे सुमननं तुरीची डाळ बंद केलेली. आठवडाभर मुगाचं पाणी! डाळ-पालक खुशाल खा म्हणाले डॉक्टर, कलेजी, बियर आणि बांगडा आवरा. बांगडा, दिन्या! मेसमध्ये माझ्या ताटातला उचलायचास, ते माझ्या काळजीपोटीच होतं म्हणायचं. कबूल तर अजून केलं नाहीसच.

पण खरं सांगायचं ते वेगळंच. "बापूला युरिक ॲसिडनं नेलं" असं आपण दोघं सगळ्यांना सांगत आलो. डॉक्टरांसमोरही माझ्या तोंडून तेच निघालं. त्यांनी विचारलं, "रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या त्यांच्या?" मी गप्प. बापूच्या स्टेंटला चार महिनेही झाले नव्हते आणि स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून दिलेल्या त्या गोळ्या त्यानं परस्पर सोडल्या होत्या. पित्त होतं म्हणून. गणपतीत ओटीवर बसून सांगितलं होतं त्यानं, आणि आपण हसलो होतो. तू तर म्हणालास, बरं झालं, खर्च वाचला. मीही काही बोललो नाही.

तुझं काय? वहिनींचा गुडघा? पोरगी जर्मनीला पोचली का?

दिवाळीत बापूच्या घरी जायचं म्हणतोय. वहिनी अजूनही जेवणात डाळ वाढत नाही म्हणे कुणाला. एकट्यानं जायला धीर होत नाही. येतोस का?

तुझा,
नाना