कोळशावरील कर आणि ऊर्जा संशोधनाचा वाटा

महोदय,

कोळशावरील टनामागे ४०० रुपयांचा भरपाई उपकर २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला आणि वस्तू व सेवा कराचा दर ५ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. चर्चा झाली ती वीज स्वस्त होणार की महाग, एवढ्यापुरतीच. हा उपकर मुळात कशासाठी बसवला होता, याची आठवण फारशी कुणी काढली नाही.

२०१०-११ च्या अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी कोळशावर टनामागे ५० रुपयांचा ‘स्वच्छ ऊर्जा उपकर’ बसवला, तो स्वच्छ ऊर्जेतील संशोधन आणि नावीन्यपूर्ण प्रकल्पांसाठी राष्ट्रीय निधी उभा करायचा म्हणून. पुढे दर १००, २०० आणि २०१६ मध्ये ४०० रुपये झाला. त्याच वेळी नावातली ‘ऊर्जा’ जाऊन ‘पर्यावरण’ आले. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर हीच रक्कम राज्यांच्या महसुली तुटीच्या भरपाईकडे वळली. तोवर सुमारे ८६ हजार कोटी रुपये गोळा झाले होते. त्यांपैकी निधीत पोहोचले साडेएकोणतीस हजार कोटींच्या आसपास आणि प्रकल्पांना मिळाले सुमारे १६ हजार कोटी. त्यातही पारेषण वाहिन्यांपासून गंगा शुद्धीकरणापर्यंतच्या कामांचा वाटा होता. ती कामे गरजेची नव्हती असे नाही, पण त्यांना संशोधन म्हणता येत नाही.

तयार सौर पॅनेल परदेशातून विकत घेता येत असताना संशोधन कशाला, असे विचारले जाते. मुंबईच्या आयआयटीतील राष्ट्रीय प्रकाशविद्युत संशोधन केंद्राने देशभरातील सौर पॅनेलची वेळोवेळी पाहणी केली, तेव्हा उष्ण हवामानात पॅनेलची क्षमता थंड प्रदेशापेक्षा लवकर घटते आणि छतांवरील लहान संचांची अवस्था अधिक वाईट असते, असे आढळले. हे मोजमाप परदेशातील प्रयोगशाळा आपल्यासाठी करणार नाही. चंद्रपूर वा कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रांचे संच दुपारी सौर वीज भरपूर असताना कमी भारावर चालवायचे, तर जास्त राखेच्या कोळशावर बॉयलर किती ताण सोसतील, हा प्रश्नही इथलाच आहे.

परदेशी मदतीवर विसंबण्यातही अर्थ नाही. कोळशाकडून स्वच्छ ऊर्जेकडे वळण्यासाठी दक्षिण आफ्रिकेला २०२१ च्या ग्लासगो हवामान परिषदेत श्रीमंत देशांकडून साडेआठ अब्ज डॉलरचे आश्वासन मिळाले. त्यातील मोठा भाग कर्जाचाच होता आणि २०२५ मध्ये अमेरिकेने त्यातून अंग काढून घेतले. आपल्या घरचा हिशेबही फार अभिमानाचा नाही. १९,७४४ कोटींच्या हरित हायड्रोजन मिशनमध्ये संशोधन व विकासासाठी ठेवलेली रक्कम ४०० कोटी, म्हणजे जेमतेम दोन टक्के आहे.

वीज जीएसटीच्या कक्षेबाहेर असल्याने वीज कंपन्यांना कोळशावरील कराची वजावट मिळत नाही. तो अखेर ग्राहकाच्या बिलातूनच वसूल होतो. नव्या दराचा निम्मा भाग, म्हणजे ९ टक्के, ज्या राज्यात कोळसा वापरला जातो त्या राज्याला मिळतो. पूर्वी हा वाटा अडीच टक्के होता. या वाढीव उत्पन्नातील ठरावीक हिस्सा महाराष्ट्राने ऊर्जा संशोधनासाठी बाजूला काढावा आणि त्यात गोंडवाना विद्यापीठ, नागपूरची व्हीएनआयटी ही अभियांत्रिकी संस्था यांसारख्या कोळसापट्ट्याजवळच्या संस्थांना प्राधान्य द्यावे, अशी माझी सूचना आहे.

असे राखीव निधी टिकत नाहीत, हा अर्थ खात्याचा नेहमीचा आक्षेप असतो, आणि वरील इतिहास पाहता तो पोकळ म्हणता येणार नाही. परंतु तो निधी बुडाला, कारण उपकराची रक्कम आधी केंद्राच्या एकत्रित निधीत जमा होई आणि त्यातून किती वळवायची, हे दर वर्षीच्या तरतुदीवर सोडलेले होते. राज्याने हिस्सा कायद्यानेच निश्चित केला आणि खर्चाचा अहवाल दर वर्षी विधिमंडळात मांडण्याचे बंधन घातले, तर ही पळवाट बरीचशी बुजेल. तूर्त चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूरच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात एवढे तरी विचारावे की, कोळशावरील वाढीव करातून राज्याच्या तिजोरीत आजवर किती रक्कम आली आणि तिच्यातील किती ऊर्जा संशोधनाला मिळाली.

– एक वाचक, चंद्रपूर