बाबा, तुम्ही म्हणता ते अर्धं खरं आहे

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबांच्या कानाचा विषय फोनवर काढला की तो फोनवरच बिघडतो, म्हणून लिहायला बसले.

बाबा, तुमचं ठरलेलं उत्तर मला पाठ आहे. "मला ऐकू येतं, तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता." यातलं पहिलं अर्धं अगदी खरं आहे. वयानुसार कान सगळे आवाज सारखे गमावत नाही, वरच्या पट्टीतले आधी जातात. अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि दणकट, ते पोचतात. स, श, फ यांसारखे नुसत्या हवेचे आवाज वरच्या पट्टीतले, आणि मुळातच हलके. त्यामुळे कोणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. मी 'सहा' म्हणते, तुम्ही 'दहा' ऐकता, आणि दोघंही आपापल्या जागी ठाम! त्यात फोनची भर. निरोगी तरुण कान साधारण 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकतो (हर्ट्झ म्हणजे आवाजाची पट्टी मोजायचं माप), साधी फोनची लाइन मात्र 300 ते 3,400 एवढंच पोचवते. 'स'चा बराचसा जोर त्याच्या वर असतो. तुमच्या कानाला जे कमी पडतंय, नेमकं तेच फोन आधी छाटून टाकतो.

आई, आता तुझ्यासाठी. त्यांना ऐकू गेलं नाही की तू आवाज चढवतेस, मग ते म्हणतात, "ओरडतेस कशाला?" दोघांचंही बरोबर आहे. आतला कान दुखावला की हळू आवाज पोचत नाही, पण मोठा आवाज पूर्वीइतकाच, कधीकधी जास्तच टोचतो. शिवाय ओरडताना स्वर फुगतात, 'स' बिचारा आहे तेवढाच राहतो. त्यापेक्षा टीव्ही बंद कर, आधी हाक मार, तोंडावर उजेड पडेल अशी समोर ये आणि सावकाश बोल. दोनदा सांगून कळलं नाही तर तेच वाक्य तिसऱ्यांदा नको, शब्द बदलून सांग. स्वयंपाकघरातून पाठ करून विचारलेल्या प्रश्नाला उत्तर येणार नाही, हे गृहीत धर.

हे होतं कशाने, तर बाहेरच्या किंवा मधल्या कानात कुठे अडथळा असेल, म्हणजे मळ, पडद्याला भोक, पडद्यामागे पाणी, किंवा रिकीब नावाचं जेमतेम 3 मिलिमीटरचं हाड जखडलेलं, तर आवाज आत पोचतच नाही. यातलं बरंचसं मळ काढून, औषधाने किंवा शस्त्रक्रियेने सुधारतं. दुसरा प्रकार आतल्या कानाचा. तिथे प्रत्येक बाजूला साधारण 15,000 केशपेशी असतात, त्या आवाजाच्या थरथरीचे संदेश करून मेंदूकडे पाठवतात. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. वय हे मोठं कारण, पण एकटं नाही. बाबा, तुमची ती मशीनवरची वर्षं आठवा. 85 डेसिबलच्या आवाजात आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरतात, आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्म्यावर येते. 88 ला चारच तास. तुमच्या काळी कानाला कोणी काही लावलं नाही. याखेरीज मधुमेह, जेंटामायसिनसारखी काही इंजेक्शनं आणि कर्करोगावरचं सिस्प्लॅटिन यांनीही केशपेशी जातात. म्हणून सगळ्या औषधांची यादी डॉक्टरांना दाखवायची. आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही.

अशा गेलेल्या पेशी परत आणणारं तेल, थेंब किंवा गोळी आज उपलब्ध नाही. जाहिरात काहीही म्हणो. कानात काडी तर घालूच नका, मळ आणखी आत जातो.

उरतं ते कानाचं मशीन, ज्याच्या नावानेच तुमचं तोंड वाकडं होतं. नुसता आवाज मोठा करणारी स्वस्त डबी वेगळी आणि तपासणीच्या आलेखाप्रमाणे जुळवलेलं श्रवणयंत्र वेगळं. ते जी पट्टी कमी पडते तीच उचलतं, आणि मोठ्या आवाजाला आवर घालतं. पण हेही सांगते, पहिले काही आठवडे वैताग येईल. वर्तमानपत्राचा कागद कडाकडा वाजेल, स्वतःचा आवाज पिंपातून आल्यासारखा वाटेल. मेंदूला त्या आवाजांची पुन्हा सवय व्हावी लागते. रोज थोडे तास लावायचं, टोचतंय तिथे ऑडिओलॉजिस्टकडून, म्हणजे कान तपासून मशीन जुळवणाऱ्या तज्ज्ञाकडून, पुन्हा जुळवून घ्यायचं. बहुतेक मशीनं ड्रॉवरमध्ये जाऊन पडतात ती या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला कोणी जात नाही म्हणून, असं माझं मत. दोन्ही कान कमी असतील तर सहसा दोन्हींना लावलेलं बरं. आवाज कुठून आला ते कळतं. मशीननेही भागत नाही अशांसाठी कॉक्लिअर इम्प्लांटची, म्हणजे आतल्या कानात यंत्र बसवायची, शस्त्रक्रिया असते. तुमची गाडी तिथवर गेलेली मला वाटत नाही.

विस्मरणाची भीती घालून तुम्हाला तपासणीला न्यायचं नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2020 आणि 2024 च्या अहवालांत कमी ऐकू येणं हे डिमेन्शियाच्या, म्हणजे म्हातारपणच्या विस्मरणाच्या आजाराच्या, टाळता येण्याजोग्या धोक्यांत धरलं आहे, हे खरं. पण मशीन लावलं की विस्मरण टळतंच, असं सिद्ध झालेलं नाही. मला साधी काळजी आहे ती ही की चार माणसांत तुम्ही हल्ली नुसते हसता आणि लवकर उठून आत जाता.

एक गोष्ट मात्र दोघांनी लक्षात ठेवा. एखादा कान एकदम, म्हणजे तासाभरात किंवा दोन-तीन दिवसांत बसला, तर "मळ असेल" म्हणत थांबू नका, त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. स्टेरॉइडचा उपयोग लवकर सुरू केलं तरच होण्याची शक्यता असते.

कानाची चाचणी अगदी सोपी आहे, दुखत नाही. आधी डॉक्टर कान बघतील. मग बंद खोलीत हेडफोन लावून बसायचं आणि बारीकसा जरी आवाज आला तरी बटण दाबायचं. अंदाजाने दाबायचं नाही, बाबा, ही परीक्षा नाही. आई, बाबांच्या नंतर तूही बस. साठीच्या पुढे चारांत एकाहून अधिक लोकांचे कान त्रास होण्याइतके कमी झालेले असतात. आणि डॉक्टरांनी बाबांना प्रश्न विचारला की उत्तर बाबांनाच देऊ दे, मधे तू बोलू नकोस. त्यांना किती कळतं, तेच तर बघायचंय.

तुमची,
धाकटी