तुझ्या कागदावर जे नाही ते

प्रिय सुमे,

सात महिन्यांत मी एक ओळ लिहिली नाही. कारणं देत बसत नाही, तुला ती पटायची नाहीत आणि खरं तर मलाही पटलेली नाहीत. गुडघा आहे तसाच, बाकी ठीक. लिहायला बसले ती तुझ्या त्या कागदामुळे. जुन्या वस्तीतली पायी फेरी, बारा बायका, साडेतीन तास, चौदा थांबे, प्रत्येक थांब्यापुढे मिनिटं. वाचताना इतकं कौतुक वाटलं की वसूमावशीला फोन लावणार होते. मग तळाशी तुझी टीप दिसली: ‘सगळ्यांनी सकाळपासून पाणी बेतानं प्यावं.’ चौदा थांब्यांत एक शौचालय नाही, आणि त्यावर उपाय काय, तर बारा जणींना कोरडं ठेवायचं! सुमे, हे तू लिहावंस? रात्री दीड वाजता ड्रायव्हरशी भांडून बस थांबवायला लावणारी तू?

पाण्याचं आधी मिटवू. पाणी कमी प्यायलं तरी लघवी व्हायची थांबत नाही, आणि एरवी मोठ्या माणसाची मूत्रपिंडं तासाला साधारण 60 ते 100 मिलिलिटर लघवी करतात. मूत्राशयात 150-200 जमली की पहिली जाणीव होते, 400-500 ला ते भरतं. म्हणजे घरून जाऊन आलेल्या बाईलाही दोन-अडीच तासांनी जागा लागणारच. वय वाढलं की पहिली जाणीव आणि खरी घाई यांच्यामधला वेळ कमी होतो, ते वेगळंच. पाणी कमी प्यायलं की लघवी दाट होते, तिनं मूत्राशय चिडतं आणि थोड्याशा साठ्यालाही घाई सुटते. तुझ्या टिपेनं होणार काय, तर बायकांचं डोकं दुखणार आणि वर लागणारही लवकर. निघताना अर्धा लिटर एकदम ढोसणंही नको, ते तासाभरात बाहेर यायला बघतं. घोट-घोट प्यायला सांग. चहा-कॉफी निघायच्या बरीच आधी. आणि लघवी वाढवणारी गोळी कोणाकोणाला चालू आहे ते एकेकीला बाजूला घेऊन विचार. फ्युरोसेमाइड तासाभरात लागू होते आणि पुढे सहाएक तास कामावर असते. निघायच्या जरा आधी घेतली की तुझे पहिले पाच थांबे तिच्या ताब्यात. गोळीची वेळ बदलायची तर त्यांच्या डॉक्टरांना विचारून, तुझ्या हुकमानं नव्हे.

आता फेरी. तू थांबे आधी ठरवलेस आणि ‘जागा मिळेल कुठेतरी’ म्हणालीस. उलट कर. कोऱ्या नकाशावर आधी फक्त शौचालयं मांड, मग त्यांच्यामधून वाट काढ. सुरुवात आणि शेवट सोय असलेल्या जागीच. मधे दोन पक्के थांबे आणि त्या प्रत्येकाला एकेक राखीव, कारण चालू शौचालय आणि आज चालू असलेलं शौचालय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुठल्याही दोन थांब्यांत तासापेक्षा जास्त वेळ जाऊ देऊ नकोस, आणि तो वेळ गर्दीतला मोज. नकाशा मिनिटाला 80 मीटरच्या आसपास धरतो. भरल्या बाजारातून बारा जणींचं लटांबर त्याच्या निम्म्यानं सरकतं. नकाशातली पाच मिनिटं म्हणजे दहा.

हिशेब तुझा आवडता, म्हणून कर. एक खोली, बारा जणी, प्रत्येकी अडीच मिनिटं: अर्धा तास गेला. तीन खोल्या असतील तर दहा मिनिटं. म्हणून पक्का थांबा म्हणजे निदान तीन खोल्यांचा. तीन जणी आत, नऊ जणी बाहेर तुझी गोष्ट ऐकताहेत, असं फिरवलंस तर वेळ फुकट जात नाही. आणि ‘कोणाला जायचंय का?’ असं विचारू नकोस, कोणी हात वर करत नाही. ‘इथे पंधरा मिनिटं, पुढची सोय तासाभरानं,’ एवढंच म्हण. सगळ्या जातात.

बायकांची रांग लांब का, यावर आपण त्या लग्नात भांडलो होतो, आठवतंय? बाळ्या म्हणाला होता की बायका आत गप्पा मारतात, आणि तू त्याच्या बाजूनं बोललीस. अजून माफ केलेलं नाही. पुरुषांच्या बाजूला तेवढ्याच जागेत मुताऱ्या दाटीनं बसतात, बायकांच्या प्रत्येकीला दार-भिंतींची खोली लागते. त्यात कपड्यांमुळे, पाळीमुळे, बरोबरच्या पोरामुळे वेळ दीड-दोन पट. क्षेत्रफळ सारखं दिलं तरी सोय निम्मीच होते. न्यूयॉर्क शहरानं 2005 मध्ये नव्या थिएटरांना, बारना बायकांसाठी दुप्पट सोय ठेवायचा नियम केला तो यामुळेच. बाळ्याला वाचून दाखव.

शोधायचं कुठे? नकाशातल्या खुणेवर विसंबून राहू नकोस. खूण इमारतीच्या मध्यावर असते, दार मागच्या गल्लीत. सगळ्यात नवा फोटो कोणत्या महिन्यातला आहे ते बघ, तारे नको मोजूस. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच भरलेल्या नकाशावर शौचालयाच्या नोंदीत वेळ, पैसे लागतात का, चाकाची खुर्ची जाते का आणि जागा सर्वांसाठी की फक्त गिऱ्हाइकांसाठी, हे लिहायची सोय असते. कोणी भरलं असेल तर त्यासारखं दुसरं नाही. नकाशा घरूनच उतरवून घे, अरुंद गल्ल्यांत रेंज जाते आणि ती नेमकी तेव्हाच जाते.

बाकी इमारतींची एक रीत असते. मोठ्या दुकानात तळमजल्यावर शोधू नकोस, तिथली जागा विक्रीला लागते. वरच्या मजल्यावर, अगदी मागे, जिन्याजवळ बघ. मलवाहिन्या एकाखाली एक उतरतात, त्यामुळे एका मजल्यावरचं बंद असेल तर त्याच कोपऱ्यात वरच्या किंवा खालच्या मजल्यावर दुसरं असायची शक्यता चांगली. छताखालच्या मंडईत माल उतरवतात त्या बाजूला किंवा कार्यालयाशेजारी. वाचनालय उत्तम, पण साप्ताहिक सुट्टी बघ. संग्रहालयात तिकिटाच्या आधी की नंतर, ते फोन करून विचार. स्टेशनात बऱ्याचदा फाटकाच्या आत असतं. हॉटेलात लिफ्टमागे, किंवा समारंभाचा हॉल असेल त्या मजल्यावर. बाहेरून ओळखायचं तर डोक्यापेक्षा उंच, आडव्या पट्ट्यांच्या छोट्या खिडक्या एका ओळीत, आणि गच्चीच्या वर गेलेला, टोकाला जाळी असलेला पाइप. चौकात कठडा आणि खाली उतरणाऱ्या पायऱ्या दिसल्या तर हुरळू नकोस. जुनी जमिनीखालची शौचालयं ओल, पायऱ्या आणि देखरेखीचा खर्च यांपायी कित्येक शहरांत बंद पडली आहेत.

आणि वेळ! तू फेरी संध्याकाळची ठेवली आहेस, रोषणाईसाठी. अशा वस्तीला खरी जाग संध्याकाळी सातनंतर येते आणि शौचालयाचा माणूस पाळी संपवून सहालाच कुलूप लावून जातो. सगळ्यात जास्त माणसं असतात तेव्हाच सगळ्यात कमी दारं उघडी. म्हणून तालीम त्याच वारी, त्याच वेळी कर. सकाळी जाऊन बघून आलीस तर काही बघितलं नाहीस असं समज.

एवढं करूनही अडलंच तर विचारायचं. कोणाला, यात सगळं आहे. दुकानमालकाला नको. दिवसभर रस्त्यावर बसणाऱ्या बाईला विचार. फुलंवाली, भाजीवाली, झाडूवाली. ती तिथे दहा तास असते, ती कुठेतरी जातेच. आणि ‘इथे टॉयलेट आहे का?’ असं नको, त्याचं उत्तर ‘नाही’ एवढंच येतं. ‘तुम्ही कुठे जाता?’ असं विचार. मग ती नुसती जागा नाही सांगत, कडी नीट लागते का, पाणी किती वाजेपर्यंत असतं, तेही सांगते. उपाहारगृहात मात्र चोरट्यासारखं मागे घुसू नये, गल्ल्यावरच्याच्या डोळ्यांत बघून सरळ विचारावं. गिऱ्हाइकांच्या ऐन गर्दीत नको. जर्मनीतल्या आलेन शहरातून अशी एक योजना निघाली की उपाहारगृहांनी दारावर खूण लावायची, काही न घेता कोणीही आत जावं, आणि नगरपालिकेनं त्यांना साफसफाईचे पैसे द्यावेत. सगळ्या शहरांनी उचलावी अशी ती गोष्ट आहे, पण तो विषय काढला तर हे पत्र संपायचं नाही.

आत शिरल्यावर कडी लावायच्या आधी नळ सोडून बघ. हे मी मुद्दाम पहिलं सांगते. सगळे आधी दार लावतात, बसतात, आणि मग तोटी फिरवल्यावर नुसती हवा फुसफुसते. नळ, मग फ्लशची टाकी भरलेली आहे का, मग कडी, मग दिवा. दिवा हालचालीवर चालणारा असेल तर दोन मिनिटांत विझतो, हात हलवायचा. फोन मागच्या खिशातून काढून घे. उकिडवं बसायचं असेल तर पायचे आत जायच्या आधी दुमडायचे, आत नाही, कारण वाकताना ते जमिनीला लागतात. पर्सला खिळा नसतोच, एक कडीचा हूक जवळ ठेव, दाराच्या वरच्या कडेला अडकतो. नसेल तर पर्स गळ्यात. कमोडवर अधांतरी राहू नका म्हणून सगळ्यांना सांग. मांड्या ताठ धरल्या की ओटीपोटाखालचे स्नायू सुटत नाहीत, मूत्राशय पुरतं रिकामं होत नाही, आणि अर्ध्या तासात परत शोधाशोध. कागद घालून नीट टेका. आणि तो डंगरी नावाचा प्रकार घालून येऊ नकोस, पट्टे कुठे लोंबतात हे तुला एकदा कळलेलं आहे, मी पुढे काही बोलत नाही.

आपोआप धुतल्या जाणाऱ्या खोल्या भेटल्या तर एकीच्या मागे दुसरीनं दार धरून शिरायचं नाही. काही यंत्रांत माणूस बाहेर पडला की जमीनच धुऊन निघते, दार लागेपर्यंत ती धुलाई सुरू होत नाही, आणि मधेच शिरलेलीला भलतंच स्नान घडतं. हिरवा दिवा लागेपर्यंत थांबायचं.

चाकाच्या खुर्चीवाली बारावी कोण, ते तू लिहिलं नाहीस, पण माझा अंदाज बरोबर असेल तर ती जागा आधी स्वतः उघडून बघ. खुर्ची वळायला 1500 मिलिमीटरचं वर्तुळ मोकळं लागतं. अपंगांच्या खोलीवर निळी खूण असते आणि आत बादल्या, पोछे, मोडकी शिडी. दुसरं म्हणजे दार आतल्या बाजूला उघडत असेल तर खुर्ची आत गेल्यावर ते लागतच नाही. किल्ली कोणाकडे असते ते नाव विचारून लिहून ठेव.

वाटेत घाई सुटली तर पळायचं नाही, हे सगळ्यांना आधीच सांगून ठेव. पळालं की पोटावर दाब येतो. जागच्या जागी उभं राहायचं, खालचे स्नायू पाच-सहा वेळा पटापट आवळायचे-सोडायचे, श्वास सोडायचा. घाई लाटेसारखी असते, चढते तशी उतरते. उतरली की चालायला लागायचं, लाट चढलेली असताना नाही. दार दिसलं की ती पुन्हा उसळते, तिथेही आधी थांबायचं. हे दारातलं उसळणं सगळ्यांनाच होतं, फक्त कोणी कोणाला सांगत नाही.

बाहेर थांबलेल्या नऊ जणींना काय सांगायचं याची तुला काळजी नको. 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनात जॉर्ज जेनिंग्जनं पैसे देऊन वापरायची शौचालयं मांडली आणि 8,27,280 लोकांनी एकेक पेनी दिली, ते सांग. रोमचा बादशहा व्हेस्पेझियन सांग, त्यानं मुताऱ्यांतल्या लघवीवर कर बसवला, मुलगा नाक मुरडायला लागला तेव्हा नाणं त्याच्या नाकाशी धरून विचारलं, वास येतो का? हशा हमखास. फक्त हसवताना जपून, अर्ध्या जणी अजून रांगेत असतील.

पिशवीत सुट्टी नाणी, कागदी साबण, टिश्यू, दोन पॅड, एक रिकामी झिपची पिशवी, पाण्याची छोटी बाटली. बस्स, तुझ्या नेहमीच्या अर्ध्या घराची गरज नाही.

मुलीचं ठरलं ते कळलं, आनंद झाला, सविस्तर लिही. घराच्या गळतीचं काय झालं? आणि डोळ्याचं ऑपरेशन लांबवू नकोस, त्या दिवशी फोनवर तू ते उडवून लावलंस ते मला समजलं.

नवा कागद पाठव. थांबे चौदाचे नऊ झाले तरी चालतील. त्या घड्याळाच्या चौकातल्या थांब्यापुढे मात्र राखीव जागा कोणती धरलीस ते आधी कळव, तिथलं शौचालय मला नकाशावर दिसतंय पण फोटो जुना आहे. जाशील तेव्हा नळ सोडून बघ.

तुझीच,
नंदा