अक्षरं पुन्हा सुबक दिसली

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर माझा १९२० × १०८० पिक्सेलचा मॉनिटर १०२४ × ७६८ या कमी रिझोल्यूशनवरच अडकला होता. अक्षरं फुगलेली, धूसर. आईचे डोळे दुखायचे. मला मदत करणाऱ्या तुम्हा सगळ्यांची नावंही मला ठाऊक नाहीत, पण तुम्ही आधी केबल बघायला सांगितलंत. मॉनिटर जोडायच्या जुन्या व्हीजीए कन्व्हर्टरमधून मॉनिटरची ओळख देणारी ईडीआयडी माहिती संगणकापर्यंत पोचतच नव्हती! मग ‘सीव्हीटी’ या कमांडने मोडलाइन (रिझोल्यूशनचे नेमके आकडे असलेली ओळ) काढणं, ती स्क्रीनचं रिझोल्यूशन बदलणाऱ्या ‘एक्सरँडआर’ कमांडला देणं, रीस्टार्टनंतरही टिकावी म्हणून लॉगिनच्या वेळी चालणाऱ्या एक्सप्रोफाइल फाइलमध्ये लिहिणं, सगळं धीराने समजावलंत. नुसती कमांड चिकटवायला न देता प्रत्येक आकड्याचा अर्थ सांगितलात, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. काल आईने स्क्रीनवर अख्खा अग्रलेख वाचला. तुम्हा सर्वांचे मनापासून आभार.