चंगीझ खान मुसलमान नव्हता

मा. संपादक,

परवा ट्यूशनला येणारी सातवीतली एक पोर दप्तर ठेवून पडवीतच बसून राहिली, आत येईना. विचारलं तर म्हणाली, मॅडम, शाळेत सगळे मला चंगीझ खानाची नात म्हणतात, खरंच आमचा कोण लागतो का तो? आडनाव खान, बाकी काही नाही. व्हॉट्सॲपवर कुणाचातरी फॉरवर्ड फिरतोय, त्यात चंगीझ मुसलमान बादशहा होता असं ठोकून दिलंय आणि इथे हर्णै बंदरावर मोठी माणसंही तेच बोलतात, म्हणून हे पत्र.

अहो, तो मुसलमान नव्हताच. मंगोलियाच्या माळरानावरचा माणूस, आकाशदेव तेंग्रीला मानणारा, मूळ नाव तेमूजिन. नऊएक वर्षांचा असताना तातार नावाच्या शत्रू टोळीने बापाला विष घातलं, स्वतःच्या टोळीने आईला पोरांसकट वाऱ्यावर सोडलं, कंदमुळं खाऊन दिवस काढले. पुढे बायको बोर्तेला मेर्किट टोळीने पळवलं, तिला सोडवायला त्याने मित्रांची फौज गोळा केली, आणि असं करत करत १२०६ साली ओनोन नदीकाठच्या सभेत सगळ्या टोळ्यांनी त्याला चंगीझ खान केलं. खान ही तिकडची पदवी, सरदार, राजा अशा अर्थाची. इराणचा मंगोल राजा गझान मुसलमान झाला तो १२९५ साली, म्हणजे चंगीझ मेल्यावर जवळजवळ सत्तर वर्षांनी. बाबर आईकडून त्याच्याच वंशातला, मुघल हा शब्दही मंगोलवरूनच आलाय, त्यामुळे लोकांची गल्लत होते.

मी नकाशा उघडून तिला दाखवत होते. १२१८ मध्ये ख्वारज्म या मध्य आशियातल्या मुसलमानी राज्यातल्या ओत्रार शहराच्या सुभेदाराने चंगीझने पाठवलेला व्यापाऱ्यांचा तांडा कापून काढला, त्यातले बहुतेक मुसलमानच होते, जाब विचारायला आलेल्या वकिलालाही ख्वारज्मच्या शाहाने मारलं, मग चंगीझ चालून आला आणि बुखारा, समरकंद, मर्व, निशापूर एकेक करून पडली, मर्वमध्ये तर कत्तलच. नातू हुलागूने १२५८ साली बगदाद लुटून खलिफालाच ठार केलं. पोरीने निशापूरवर बोट ठेवून विचारलं, म्हणजे त्याने मुसलमानांनाच मारलं? मी हो म्हटलं. बराच वेळ बोट तिथंच होतं.

आता नुसता कसाई म्हणून त्याला सोडून देणंही मला पटत नाही. दहा, शंभर, हजार, दहा हजार अशा तुकड्या पाडून त्याने जुन्या टोळ्या एकमेकींत मिसळल्या आणि घराणं न बघता कर्तबगारीवर सरदार नेमले, स्वतःला लिहिता येत नव्हतं तरी उइघुर लिपी घेऊन भाषेला लिपी दिली, टप्प्याटप्प्याला ताजे घोडे ठेवून डाक चालवली. त्या राज्यामुळेच इटलीचा प्रवासी मार्को पोलो चीनपर्यंत पोचला. चंगीझचा नातू कुबलाई खान याच्या पदरी राहिलेल्या या माणसाच्या वर्णनात आपलं ठाणंही आहे: ठाण्याच्या राजाचा चाच्यांशी करार होता, लुटीतला माल तुमचा, घोडे मात्र माझे. घोडे इथे समुद्रातूनच यायचे ना, हे ऐकून ती पोर पहिल्यांदा हसली.

सोमवारपासून ती परत येतेय, पण नव्या वहीच्या लेबलवर फक्त नाव लिहिलंय, आडनाव नाही. संपादकसाहेब, रविवारच्या पुरवणीत या विषयावर एक पान द्या, नकाशा मोठा छापा. कात्रण मी पडवीतल्या भिंतीला लावणार आहे.

आपली एक वाचक,
हर्णै, ता. दापोली