पदव्युत्तर वर्ग शनिवार-रविवारी भरवा, रुग्णसेवेचे तास मात्र कमी नकोत

प्रति,
मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

व्यवसायोपचार अर्थात ऑक्युपेशनल थेरपी (दुखापत वा आजारानंतर रोजची कामे पुन्हा करता यावीत यासाठीचे उपचार) या विषयाची पदवी घेऊन कोल्हापूर परिसरात काम करणाऱ्या माझ्यासारख्यांना पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे झाल्यास नोकरी आणि घर सोडून मुंबई-नागपूरसारख्या शहरात मुक्काम हलवावा लागतो, कारण हा अभ्यासक्रम पूर्णवेळ उपस्थितीचा आहे. १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी या विषयाची देशातील पहिली शाळा सुरू केली. त्याला सत्तरहून अधिक वर्षे झाली, तरी या शिक्षणाचा भार अजून मोठ्या शहरांवरच आहे.

गुळाच्या हंगामात चरकात हात सापडलेला गुऱ्हाळघरातील कामगार शस्त्रक्रियेनंतर आमच्याकडे येतो, तेव्हा गरम पाण्यात मऊ केलेला थर्मोप्लास्टिकचा पत्रा पुसून, किंचित निवल्यावर त्याच्या हातावर बसवून स्प्लिंट, म्हणजे हाताला आधार देणारा साचा, घडवायचे असते. पत्रा कडक होण्याआधी हाती जेमतेम काही मिनिटे असतात. पुढे सूज उतरली की तेच स्प्लिंट सैल पडते आणि पुन्हा बेतावे लागते. कंडरा (स्नायू हाडाला जोडणारा दोरीसारखा भाग) शिवलेली असेल, तर पहिल्या काही आठवड्यांत हयगय झाल्यास बोटे आखडतात किंवा शिवण तुटते. असा रुग्ण अर्ध्यावर टाकून थेरपिस्टने शिकायला निघून जायचे, की शिक्षणाचा विचारच सोडून द्यायचा? माझ्या परिचयातील बहुतेकींनी दुसरा मार्ग पत्करला आहे. (बहुतेकी म्हणण्याचे कारण, या व्यवसायात स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे आणि बिऱ्हाड हलवणे त्यांनाच अधिक जड जाते.)

शनिवार-रविवारचे वर्ग म्हटले की पदव्यांची दुकाने निघतील, अशी शंका घेतली जाते आणि ती अगदीच अनाठायी नाही. अमेरिकेत काही विद्यापीठे नोकरदारांसाठी या विषयाचे वर्ग आठवड्याच्या अखेरीस भरवतात. मात्र तेथील मान्यता मंडळाच्या नियमानुसार किमान २४ आठवडे पूर्णवेळ भरतील इतके प्रत्यक्ष काम रुग्णांसोबत करावेच लागते, वर्ग शनिवारी भरतो म्हणून त्यात सूट मिळत नाही. शिवाय तिकडे तो अभ्यासक्रम बहुधा व्यवसायात पहिले पाऊल टाकणाऱ्यांसाठी असतो. आपल्याकडे पदव्युत्तर वर्गाला येणाऱ्याची पदवी आणि इंटर्नशिप आधीच झालेली असते, त्यामुळे ही सोय आपल्याला अधिक मानवण्यासारखी आहे. केवळ ऑनलाइन व्याख्यानांवर पदवी देण्याला मात्र माझा ठाम विरोध आहे. आखडलेले बोट किती ताणायचे, हे पडद्यावर पाहून कळत नाही.

२०२१च्या कायद्यानुसार संलग्न आरोग्यसेवांच्या शिक्षणाची मानके ठरवण्याचे काम राष्ट्रीय आयोगाकडे आले आहे. त्या आयोगाने आणि नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने या पर्यायाचा विचार करावा. सैद्धांतिक वर्ग मुंबईत घ्यावेत; शुक्रवारी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघून सोमवारी सकाळी कामावर हजर होणे त्रासाचे असले, तरी जमण्यासारखे आहे. रुग्णसेवेचे तास कोल्हापुरातच, छत्रपती प्रमिलाराजे (सीपीआर) रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयात मान्यताप्राप्त मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली पूर्ण करण्याची मुभा असावी, आणि त्या नोंदींची तपासणी बाहेरच्या परीक्षकाने करावी. प्रबंधाला विषयही येथेच आहेत: गुऱ्हाळातील हाताच्या दुखापती, हुपरीच्या चांदी कारागिरांचे अंगठे आणि मनगटे, चपला शिवणाऱ्यांची बैठक.

वर्ग महिन्यातून दोनच आठवड्यांच्या अखेरीस ठेवावेत, अशीही विनंती आहे, कारण आमच्याकडे येणाऱ्या शाळकरी मुलांच्या पालकांना रविवारखेरीज सवड नसते.

आपली,
एक व्यवसायोपचारतज्ज्ञ,
कोल्हापूर