गुहागरच्या कपाटासाठी दगड घेताना

नाशिक, रविवार

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

पुण्याच्या खनिज-प्रदर्शनाला दोघंही जाणार आणि माजघरातल्या काचेच्या कपाटासाठी स्फटिकांचे तीन-चार चांगले पीस आणणार, हे ऐकून फार बरं वाटलं. फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून लिहिते आहे. जाण्याआधी दोघांनी एकदा नीट वाचा.

बाबा, तुम्ही विचारलं होतं की आपल्याकडच्या चिरेखाणीत असे स्फटिक का सापडत नाहीत. जांभा म्हणजे पावसाने लाखो वर्षं धुऊन कुजवलेला कातळ. त्यातली सिलिका वाहून गेली, लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम मागे राहिलं. स्फटिक असतात ते न कुजलेल्या काळ्या पत्थरात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांतून पुढे गरम पाणी झिरपलं आणि आत थरावर थर साचत गेले. कोकणातून घाटावर रेल्वे चढवताना बोरघाटात जे खोदकाम झालं, त्यात १८६०च्या आसपास असे सुंदर स्फटिक निघाले आणि थेट विलायतेच्या संग्रहालयांत गेले. म्हणजे आपल्या मातीचा माल आहे. ओळखायला शिकलं की झालं.

बरोबर १० पट मोठं दाखवणारं भिंग, पांढऱ्या उजेडाची छोटी विजेरी आणि ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही (अतिनील किरणांचा) टॉर्च घ्या. शिवाय जुने टिश्यू पेपर, झाकणाचे चार-पाच प्लॅस्टिकचे डबे, वही आणि सुट्टे पैसे. पहिली फेरी नुसती बघण्याची. अगदी पहिल्या टेबलावर मन बसलं तरी दोन तास थांबा; हॉलच्या दुसऱ्या टोकाला तोच माल निम्म्या भावात असतो किंवा दुप्पट चांगला असतो. उत्तम माल पहिल्या सकाळी जातो, भाव शेवटच्या दुपारी उतरतो. एकच खास पीस हवा असेल तर सकाळ गाठा. टेबलाखाली पुठ्ठ्याच्या खोक्यांत ठेवलेला मालही मागून बघा. तिथे दिव्याखाली न मांडलेले, पण अगदी निर्दोष छोटे पीस मिळतात.

आई, हॉलमध्ये शिरण्याआधी पदर खोचून घे. साडीचा काठ स्कोलेसाइट या खनिजाच्या बारीक सुयांवर अडकला की पांढऱ्या काड्यांचा चुरा होतो आणि पैसे आपल्याला भरावे लागतात. पीस उचलण्याआधी विचारायचं, खालच्या दगडाला दोन्ही हातांनी धरायचं आणि टेबलावरच उचलायचं, छातीशी घ्यायचं नाही.

आता नेमकं काय बघायचं ते. समजा समोर पीच रंगाच्या स्टिल्बाइटवर हिरवट अ‍ॅपोफिलाइट आहे. स्टिल्बाइट मधे आवळलेल्या गवताच्या पेंडीसारखा दिसतो, अ‍ॅपोफिलाइट वर टोक काढलेल्या चौकोनी खांबासारखा. त्याचा हिरवा रंग व्हॅनेडियममुळे येतो. पीस खिडकीच्या उजेडात मागा. स्टॉलवरच्या पिवळ्या दिव्याखाली कुठलाही स्टिल्बाइट सोनेरी दिसतो. मग विजेरी बाजूने, तिरकी धरा. टोकावर पांढरा, पिठासारखा ठिपका दिसला तर तिथे मार बसलाय. अ‍ॅपोफिलाइट एका दिशेत आडवा सुटतो. वरचं टोक नाहीसं होऊन तिथे मोत्यासारखी चमक असलेला सपाट तुकडा दिसला तर ते टोक तुटलेलं असण्याचा संभव मोठा. मात्र काही अ‍ॅपोफिलाइट मुळातच सपाट माथ्याचे वाढतात, म्हणून कडा बघा: वाढलेल्या माथ्याच्या कडा नीट आणि पृष्ठ एकसारखं, तुटलेल्याच्या कडा खडबडीत आणि पायऱ्या पडलेल्या. स्फटिक जिथे पोकळीच्या भिंतीला टेकून वाढला तिथे मंद, खडबडीत ठसा असतो. तो दोष नाही, निसर्गाची खूण आहे. ताजा तुटलेला भाग मात्र काचेसारखा चकाकतो. हा फरक डोळ्यांत बसला की निम्मं काम झालं. बंदरावर सुरमई घेताना कल्ला उलगडून बघतेस, तितक्याच शांतपणे प्रत्येक पीसची मागची बाजू उलटून बघ.

बाबा, डिंक लावलेले पीस तुम्ही शोधायचे. कॅव्हनसाइट या निळ्या खनिजावर नजर ठेवा. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतला हा माल जगभर प्रसिद्ध आहे आणि महाग, त्यामुळे सुटे निळे गुच्छ स्टिल्बाइटवर चिकटवून विकले जातात. अस्सल गुच्छाच्या बुडाशी भिंग धरलं तर बरेचदा स्टिल्बाइटचे बारीक स्फटिक त्याच्या अंगावर, आजूबाजूला चढलेले दिसतात. चिकटवलेल्याच्या बुडाशी तकतकीत रेघ असते आणि तिच्यात धूळ, कणी अडकलेली असते. यूव्ही टॉर्चखाली बरेच गोंद निळसर पांढरे उजळतात. पण कॅल्साइट हा चुन्याचा स्फटिकही बरेचदा उजळतो आणि काही गोंद अजिबात उजळत नाहीत, म्हणून पूर्ण स्फटिक चमकतोय की सांध्यावरची ओघळ चमकतेय ते बघा आणि भिंगाने खात्री करा. दुरुस्त केलेला पीस घेऊच नये असं नाही. विकणाऱ्याने आधी सांगितलं आणि भाव तसा लावला तर मोठा, सुंदर दुरुस्त पीसही शोभतो. लपवलं तर पुढच्या टेबलाकडे वळा.

भडक गुलाबी, जांभळ्या, निळ्या अगेटच्या (अकीकाच्या) चकत्या रंगवलेल्या असतात. भेगांत रंग गडद साचलेला दिसतो. तळ पांढरा आणि टोकं करपलेल्या केशरी रंगाची असतील तर तो सिट्रीन म्हणजे पिवळ्या गारगोटीच्या नावाने विकलेला, भाजलेला जांभळा अ‍ॅमेथिस्ट. तेलाच्या तवंगासारखी इंद्रधनुषी चमक असलेली गारगोटी धातूच्या वाफेचा थर दिलेली. निळ्याशार कॉपर सल्फेटचे मोठे स्फटिक बरणीत वाढवता येतात. अंगणातल्या रांगोळीजवळ ठेवायला घेतलंत तर माझी हरकत नाही, पण संग्रहाच्या भावाने घेऊ नका.

आपल्या घराला काय सोसेल हे या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं आहे. गुहागरची हवा खारी, पावसाळ्यात दमट. हॅलाइट म्हणजे शेवटी मीठच. आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की पाणी सुटतं, आणि आपल्याकडे जूनपासून तसं रोजच असतं. मार्कासाइट हे लोखंड-गंधकाचं खनिज घेऊ नका. पायराइटही त्यातलाच; त्याचे स्पेनमधून येणारे चौकोनी ठोकळे फार सुबक दिसतात, पण दमट हवेत काही पायराइट कुजतो, त्यातून गंधकाम्ल सुटतं आणि खालचं लेबल, शेजारचा कॅल्साइट दोन्ही खातं. रिअल्गार म्हणजे मनशीळ तांबडा घ्याल, उजेडात तो पिवळी पूड होतो. अ‍ॅमेथिस्ट चालेल, पण पडवीच्या उन्हात ठेवू नका, रंग विटतो.

उलट आपले दख्खनी झिओलाइट, म्हणजे काळ्या पत्थराच्या पोकळ्यांत वाढलेली, अंगात पाणी धरून असलेली खनिजं, आपल्या हवेला सरावलेली. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट निर्धास्त घ्या. लोमोंटाइटची तर गंमतच आहे: कोरड्या हवेत आणि एसीच्या खोलीत त्यातलं पाणी उडून तो पांढरा होतो आणि भुगा पडतो, आपल्या दमट माजघरात त्यामानाने टिकतो. तरी नवशिक्याने तो घेऊ नये असं माझं मत. ओकेनाइटचे पांढरे कापसाचे गोळे आईला नक्की आवडतील, पण त्यांना बोट लावायचं नाही आणि कधीही पाण्यात घालायचे नाहीत; केस एकमेकांना चिकटले की परत सुटत नाहीत. एक घ्या, काचेच्या झाकणाखाली ठेवा.

पीस कितीही देखणा असला तरी तो कुठून आला ते कळल्याशिवाय पैसे देऊ नका. नुसतं ‘महाराष्ट्र’ चालणार नाही. ‘पूना’ आणि ‘जळगाव’ ही नावं तर कुठल्याही मालाला सर्रास लावतात. खाणीचं किंवा गावाचं, तालुक्याचं, जिल्ह्याचं नाव विचारा आणि तिथल्या तिथे वहीत लिहा. सोबत विकणाऱ्याचं कार्डही ठेवा. विकणाऱ्याला माहीत नसेल आणि त्याने तसं सरळ सांगितलं, तर तो माणूस खरा. भावात मात्र तो फरक दिसायला हवा.

परतताना कुंभार्ली घाट आहे, तेव्हा बांधणी नीट हवी. आधी टिश्यू हलक्या हाताने, त्यावर बुडबुड्यांचं प्लॅस्टिक. थेट प्लॅस्टिक गुंडाळलं तर स्फटिकांची टोकं त्यात अडकून मोडतात. सुयांच्या आणि केसांच्या पीसला वरून काहीच गुंडाळायचं नाही. त्याचा दगड डब्याच्या तळाला मातीच्या गोळीने चिकटवा आणि आजूबाजूला टिश्यू ठासा. डबे एसटीच्या डिकीत नकोत, मांडीवर घ्या.

कपाट बाहेरच्या चिऱ्याच्या भिंतीला लागून आहे, ते आतल्या भिंतीकडे सरकवून घ्या; ओल तिथूनच येते. प्रत्येक कप्प्यात २०० ग्रॅम ओल शोषणारं सिलिका जेल कापडी पुरचुंडीत ठेवा. त्याचे निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवून परत वापरता येतं. धूळ रबरी फुंकणीने उडवायची. आई, पितळेची भांडी चिंचेने आणि कोकमाने घासतेस, ते इथे अजिबात नको. आंबट लागलं की कॅल्साइटची चमक जाते, आणि झिओलाइटनाही आम्ल सोसत नाही.

घरी आल्यावर प्रत्येक पीसच्या मागे पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका देऊन त्यावर काळ्या शाईने क्रमांक घाला आणि वहीत तोच क्रमांक, नाव, ठिकाण, तारीख, किंमत उतरवा. फोटो पाठवताना मागच्या बाजूचाही पाठवा, मला ती आधी बघायची आहे.

तुमची
सुमी